चाकूचे शौकीन आणि चादरीचे गिऱ्हाईक

कापडाच्या व्यापाऱ्याने चाकूवर लेख लिहावा हे काही वाचकांना विचित्र वाटेल. आमचा उभा जन्म सोलापुरात सूत, चादर आणि टॉवेल यांच्या देवघेवीत गेला. पोलादाशी आमचा संबंध थान कापण्याच्या कात्रीपुरता. तरीही आज हा विषय घेत आहोत, कारण त्यात आपल्या धंद्याच्या कामाची एक गोष्ट आहे. जगात असेही एक गिऱ्हाईक आहे की जे एकाच कारखान्याचा तोच चाकू दरवर्षी नव्या रंगात विकत घेते, तो बाजारात येण्यापूर्वी त्याची वाट पाहते आणि घेतल्यानंतर त्याच्या नावाने वर्षभर कुरकुर करते. पुढच्या वर्षी ते पुन्हा हजर होते. असे गिऱ्हाईक कसे तयार होते, हे चादरीच्या व्यापाऱ्याने समजून घेणे जरूर आहे.

आमच्या दुकानी कापड घेण्यास येणारे एक तरुण अभियंता या शौकिनांपैकी आहेत. तीसएक चाकू त्यांनी जमविले आहेत. आम्ही विचारले, "बेटा, एवढे चाकू कशाला? कांदा तर एकानेच कापला जातो." ते हसून म्हणाले, "चाचा, तुमच्या कपाटात सुद्धा जुन्या चादरींचे नमुने आहेतच की!" उत्तर आम्हांस पटले. त्यांच्याकडून बरेच ऐकले, काही वाचून काढले, त्याचे सार येथे देत आहोत.

एका कारखान्याची हकीकत

स्वित्झर्लंडमध्ये श्वीझ नावाच्या परगण्यात इबाख हे लहान गाव आहे. तेथे १८८४ साली कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने चाकू-सुऱ्यांचे दुकान घातले. त्या काळी स्विस सैनिकांसाठी जो घडीचा चाकू ठरला तो प्रथम जर्मनीतील झोलिंगन येथून बनवून आला, कारण एवढी मोठी मागणी पुरविण्याची ताकद त्यांच्या देशात कोणाकडे नव्हती. आपल्या सैन्याचा चाकू परदेशातून यावा हे एल्सनरला खटकले. त्याने कारागिरांना एकत्र करून १८९१ साली पहिला माल सैन्याला दिला. त्या चाकूत चार वस्तू होत्या : पाते, छिद्र पाडण्याचा आरा, डबा फोडण्याचे हत्यार आणि बंदूक खोलण्यासाठी पेचकस. जर्मन माल स्वस्त पडत असल्याने बाकीचे साथीदार बाजूला झाले. एल्सनर कर्जात बुडण्याच्या बेतात आला आणि नातेवाइकांच्या मदतीने तरला.

१८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी अधिक हलका व अधिक उपयोगाचा चाकू काढून त्याची नोंदणी केली. सैन्याने तो सरकारी सामानात घेतलाच नाही. अधिकारी आपल्या पदरचे पैसे घालून तो विकत घेऊ लागले. म्हणजे ज्या चाकूने पुढे जगभर नाव काढले तो सरकारी ठेक्याचा माल नव्हता. गिऱ्हाइकाने खिशातून पैसे काढून निवडलेला माल होता. १९०९ साली आईच्या निधनानंतर एल्सनरने तिचे 'व्हिक्टोरिया' हे नाव मालाला दिले. १९२१ च्या सुमारास न गंजणारे पोलाद आले, त्याचे 'इनॉक्स' हे नाव त्यास जोडले गेले आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' हे नाव तयार झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हे चाकू घरी नेले. जर्मन नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी 'स्विस आर्मी नाइफ' म्हणण्यास सुरुवात केली. २०१७ साली या कारखान्याने ५० कोटीवा चाकू तयार झाल्याचे जाहीर केले.

दरवर्षीचा नवा माल म्हणजे काय?

आता मुद्द्याकडे वळू. हा कारखाना दरवर्षी काही माल त्या एका वर्षापुरता काढतो. त्यात ॲल्युमिनियमच्या मुठीचे चाकू शौकिनांच्या विशेष आवडीचे. दरवर्षी एक रंग ठरतो आणि लहानमोठ्या तीन आकारांत त्या रंगाचे चाकू निघतात. २०१९ साली फिकट सोनेरी रंग आला, २०२२ साली करडा, २०२३ साली जांभळट आणि २०२४ साली मातकट तपकिरी. मुठीवर त्या वर्षाचा आकडा कोरलेला असतो. वर्ष संपले की रंग बंद. पुढे कोणी कितीही पैसे देऊ केले तरी कारखाना तो पुन्हा करीत नाही.

यात खर्चाचा हिशोब पाहण्यासारखा आहे. पाते तेच, पोलाद तेच, यंत्रे तीच, साचे तेच. ॲल्युमिनियमवर विजेच्या साह्याने एक बारीक छिद्रांचा थर चढवितात, ती पट्टी रंगाच्या हौदात बुडवितात, रंग छिद्रांत मुरतो आणि मग छिद्रे बंद करतात. आमच्या रंगणीवाल्या बंधूंना हे लगेच समजेल. सुताचा रंग बदलावा तसा हा हौदाचा रंग बदलणे आहे. माग बदलावा लागत नाही. थोड्या खर्चात नवा माल उभा राहतो.

दुसरा प्रकार महाग आहे. दरवर्षी एक चाकू दमिश्की धर्तीच्या लहरदार पात्याचा काढतात, ठरावीक संख्येत आणि प्रत्येकावर क्रमांक घालून. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तलवारीच्या पात्यावरील या लहरींना उर्दू-फारसीत 'जौहर' म्हणतात हे आम्हांस तेथे समजले होते. या गोष्टीत आपल्या मुलखाचाही वाटा आहे. जुन्या दमिश्की तलवारींचे पोलाद हिंदुस्थानातून, विशेषतः दख्खनमधून जात असे. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम येथे इराणी व्यापारी पोलाद घेण्यास येत. आमचे सोलापूरचे तेलुगू आणि कन्नड शेजारी पोलादाला 'उक्कू' म्हणतात, त्याचेच इंग्रजांनी 'वूट्झ' केले असे मानतात. आजचे स्विस पाते हे त्या जुन्या पोलादाचे नव्हे, ते नव्या पद्धतीने थर जोडून केलेले असते. पण नावाची किंमत अजून वसूल होते. माल आमच्या मुलखाचा, नाव दमिश्कचे आणि नफा स्वित्झर्लंडचा, असा हा व्यवहार आहे.

तिसरा प्रकार असा की, सर्वांत लहान चाकूच्या मुठीसाठी काही वर्षे कारखान्याने लोकांकडूनच चित्रे मागविली, लोकांकडूनच मते घेतली आणि निवडून आलेली चित्रे त्या वर्षीच्या चाकूंवर छापली. ज्याने मत दिले तो गिऱ्हाईक विकत घेण्यापूर्वीच मालाशी जोडला गेला.

शौकीन काय म्हणतात?

नवा माल जाहीर झाला की शौकिनांत चर्चा सुरू होते. ती बहुतेक तक्रारींचीच असते. आम्हांस जे समजले त्यावरून त्यांचे चार गट पडतात.

पहिला गट न चुकता घेणाऱ्यांचा. ज्याच्याकडे मागील सात वर्षांचे रंग आहेत तो आठवा रंग आवडला नाही तरी घेतो, कारण मालिका तुटलेली त्यास पाहवत नाही. मुठीवरचा वर्षाचा आकडा हे काम करतो.

दुसरा गट म्हणतो, "रंग बदलला, याला नवा माल म्हणायचे काय? नवे हत्यार घाला, नवी रचना आणा." ही तक्रार दरवर्षीची आहे आणि ती खरीही आहे. पण हाच गट जुन्या चाकूतील एखादे हत्यार काढले तर सर्वांत मोठ्याने ओरडतो.

तिसरा गट पोलादाची नाडी पाहणारा. अमेरिकेत आणि जपानात आज असे पोलाद वापरतात की ज्याची धार पुष्कळ दिवस टिकते. इबाखच्या पात्याची कठिणता रॉकवेल मापाने ५६ च्या आसपास असते, इतरांची ६० च्या वर जाते. "एवढे पैसे घेता तर पोलाद का सुधारत नाही?" असे हा गट विचारतो. कारखाना आपल्या जागेवरून हलत नाही. त्याचे पाते गंजत नाही, टवका सहसा उडत नाही आणि घरच्या साध्या दगडावर शेतकऱ्यालाही धार लावता येते. कठीण पोलादाला धार लावणे हे प्रत्येकाचे काम नाही. तक्रार ऐकणे आणि तक्रारीप्रमाणे वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे दिसते. माल कोणासाठी आहे हे ज्यास ठाऊक असते तोच काय बदलावे आणि काय बदलू नये हे ठरवू शकतो.

चौथा गट भावाची तक्रार करणारा. वर्षापुरता माल निघाला की काही लोक ठोक घेऊन ठेवतात आणि रंग बंद झाल्यावर चढ्या भावाने विकतात. खरा शौकीन यामुळे नाराज होतो. हा रोग आपल्याकडेही नवा नाही.

याखेरीज एक दुःख आहे ते बंद झालेल्या मालाचे. त्याच देशात देलेमाँ येथे वेंगर नावाचा दुसरा चाकू कारखाना होता. सैन्य दोघांकडून माल घेत असे. २००५ साली व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतला, काही वर्षे नाव चालू ठेवले आणि २०१३ साली चाकूवरील वेंगरचे नाव बंद करण्याचे जाहीर केले. वेंगरच्या लहान कात्रीला बारीक दाते असत, त्यामुळे कापड किंवा दोरा निसटत नसे. ती कात्री अधिक चांगली होती असे म्हणणारे शौकीन आजही भेटतात. शिंपीकाम करणाऱ्यांना त्यांचे म्हणणे लगेच पटेल.

२०२४ साली आणखी एक खळबळ उडाली. अनेक देशांत चाकू बाळगण्यावर निर्बंध वाढत आहेत, म्हणून पाते नसलेले खिशातील हत्यार तयार करीत असल्याचे कारखान्याच्या प्रमुखांनी सांगितले. शौकिनांना वाटले की आता चाकूच बंद होणार. पात्याचे चाकू चालूच राहतील असा खुलासा कारखान्याला करावा लागला. अजून बाजारात न आलेल्या वस्तूबद्दल हजारो लोक काळजी करतात, ही त्या नावाची कमाई आहे.

कसोटीची वेळ

ही कमाई अडचणीच्या वेळी कामास येते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत विमाने पळवून हल्ले झाले. त्यानंतर विमानात प्रवाशाने जवळ चाकू ठेवण्यास बंदी आली. विमानतळावरील दुकानांतून आणि भेटवस्तू म्हणून खपणारा माल एकदम थांबला. चाकूंची विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरली. कोणत्याही मालकाने अशा वेळी कामगार कमी केले असते. या कारखान्याने मंदीपायी माणसे काढली नाहीत. जादा काम बंद केले, रजा आधी घेण्यास सांगितले, काही कामगार इतर कारखान्यांना तात्पुरते दिले आणि घड्याळे, प्रवासाच्या बॅगा यांकडे लक्ष वळविले. चांगल्या वर्षात नफ्याची रक्कम बाजूला ठेवलेली होती म्हणून हे शक्य झाले. आदल्याच वर्षी, म्हणजे २००० साली, कंपनीचे ९० टक्के भाग एका प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आले होते, म्हणजे भाऊबंदकीत वाटणी होऊन कारखाना तुटण्याचा धोकाही टळला होता. घरातील वाटणीमुळे बंद पडलेले माग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

रामपूरची दुसरी बाजू

आता आपल्या देशातील चाकू पाहा. उत्तर प्रदेशातील रामपूर शहराचा घडीचा चाकू नवाबी काळापासून प्रसिद्ध. १९७० च्या सुमारास हिंदी चित्रपटांनी 'रामपुरी' हा शब्द घरोघर पोहोचविला. पण कसा पोहोचविला? गुंडाच्या हातातून. पितळी मूठ, कोरीव काम, खटका उघडताना येणारा आवाज, ही कारागिरी कोणी पाहिली नाही. पुढे पात्याच्या लांबीवर आणि चाकू बाळगण्यावर बंधने आली. मागणी आटली, कारागिरांची मुले दुसऱ्या कामाला लागली. २०२३ साली रामपूरच्या एका चौकात सुमारे २० फूट उंचीची चाकूची प्रतिकृती उभारण्यात आली. शहराला आपल्या कारागिरीचा अभिमान असावा हे चांगलेच. पण चौकात चाकू मोठा होत असताना गल्लीत चाकू करणारे हात कमी होत गेले, हेही तितकेच खरे आहे.

रामपूरच्या कारागिराचा हात इबाखच्या कारागिरापेक्षा कमी होता असे आम्हांस वाटत नाही. कमी होती ती गिऱ्हाइकाशी ओळख. त्याच्या चाकूचा खरा शौकीन कोण, त्यास काय आवडले, काय खटकले, हे कारागिरापर्यंत पोहोचविणारे कोणी नव्हते. मधला व्यापारी फक्त भाव विचारीत होता.

आणि आपले सोलापूर?

आता हा आरसा आपल्याकडे फिरवू. सोलापुरात पहिली कापड गिरणी, जिला लोक 'जुनी मिल' म्हणतात, ती १८७७ साली सुरू झाली. तेलंगणातून आलेले पद्मशाली, आपले मोमीन आणि इतर विणकर यांनी हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर या शहराचे नाव केले. सोलापुरी चादर सुती, वजनदार, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. एका बाजूस जो रंग जमिनीचा तो उलट बाजूस नक्षीचा. जकार्डवर निघणारी ही नक्षी ओळखण्यास लेबल लागत नसे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना २००५ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील सर्वांत आधीच्या मानांकनांत त्यांची गणना होते.

मानांकन मिळाले, पण बाजारात काय झाले? पानिपतकडची पॉलिएस्टरची मऊ ब्लँकेटे स्वस्त भावात आली. वजनाला हलकी, धुण्यास सोपी, रंगाने चकचकीत. दुसरीकडे सोलापुरात न विणलेला माल सोलापुरी म्हणून रस्त्यारस्त्यावर विकला जाऊ लागला. तिसरी गोष्ट आपल्यातीलच आहे. भाव टिकविण्यासाठी कोणी सूत हलके केले, कोणी वजन कमी केले, कोणी कच्चा रंग वापरला. एका धुण्यात रंग सोडणारी चादर ज्याने घेतली तो गिऱ्हाईक भांडण्यास आला नाही. तो पुन्हा आलाच नाही.

येथे चाकूच्या शौकिनाचा धडा उपयोगी पडतो. कुरकुर करणारे गिऱ्हाईक अजून आपले असते. आमच्या दुकानी जुने गिऱ्हाईक येतात. "पूर्वीसारखी जाड चादर ठेवा, दोन पैसे जास्त घ्या," असे म्हणतात. "माझ्या लग्नातील मोराची चादर अजून आहे, तशी मिळेल का?" असे विचारणारी वृद्ध बाई येते. ही मागणी आहे. पण ती दुकानाच्या पायरीवरच संपते. मागवाल्यापर्यंत जात नाही, कारण ती लिहून ठेवण्याची आपली पद्धत नाही. हंगाम आला की आपण नवे नमुने काढतो, तेही शेजाऱ्याचा कोणता नमुना चालला ते पाहून. आठ दिवसांत एकाच नक्षीच्या चादरी दहा ठिकाणांहून निघतात आणि मग एकच लढाई उरते, भाव पाडण्याची.

काय करता येईल?

आमच्या अल्पबुद्धीप्रमाणे काही गोष्टी सुचवितो.

एक. ज्याची ऐपत आहे अशा प्रत्येक कारखानदाराने वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, एकच खास नक्षी काढावी. तिच्या कोपऱ्यात ते वर्ष विणावे. पूर्वी नक्षी बदलणे म्हणजे पत्त्यांचा नवा संच पंच करणे होते. आता संगणकावर नक्षी होते, त्यामुळे हा खर्च झेपण्यासारखा आहे. वर्ष संपले की ती नक्षी बंद करावी आणि शब्द पाळावा.

दोन. एक जुनी नक्षी कायम ठेवावी. तिचे वजन, सूत आणि रंग यांत फरक करू नये. नवा माल कितीही आला तरी जुन्या गिऱ्हाइकास परतण्यास जागा पाहिजे.

तीन. लेबलावर वजन, सुताचा नंबर आणि धुण्याची रीत स्पष्ट छापावी. चाकूचा शौकीन पोलादाची कठिणता विचारतो, कारण त्यास ती सांगितली जाते. आपण सांगू लागलो तर चादरीचे गिऱ्हाईकही विचारू लागेल, आणि मग हलका माल विकणाऱ्याची पंचाईत होईल.

चार. नक्षी दुकानात लावण्यापूर्वी तिची नोंदणी करावी. २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नव्या नक्षीला १० वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी ५ वर्षे वाढविता येते. पण माल आधी बाजारात आला तर ती नक्षी नवी राहत नाही आणि हक्क जातो. तसेच भौगोलिक मानांकन शहराला मिळाले म्हणजे प्रत्येक विणकराला आपोआप मिळाले असे नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून उत्पादकाने स्वतःचे नाव नोंदवावे लागते. मानांकनाची मुदत १० वर्षांची असते आणि ती वाढवून घ्यावी लागते. हे काम वेळेवर होते की नाही यावर आपल्या संघटनांनी लक्ष ठेवावे.

पाच. प्रत्येक दुकानात एक वही ठेवावी. गिऱ्हाइकाने काय मागितले, काय नाकारले, कशाची तक्रार केली ते त्याच दिवशी लिहावे आणि महिन्याअखेर मागवाल्यास वाचून दाखवावे. यास पैसे लागत नाहीत.

यावर काही बंधू म्हणतील की स्वित्झर्लंड श्रीमंत देश आहे, त्यांची बरोबरी आपल्याने कशी व्हावी? त्यांना आम्ही एवढेच सांगू की सुरुवातीच्या वर्षांत एल्सनरही कर्जात होता आणि समोर जर्मनीचा स्वस्त माल होता, जसा आज आपल्यासमोर पॉलिएस्टरचा आहे. त्याने भाव पाडून स्पर्धा केली नाही. त्याने माल असा केला की लोकांनी पदरचे पैसे घालून तो घेतला, आणि त्याच्या वारसांनी लोकांची कुरकुर ऐकून घेण्याची सवय सोडली नाही.

सोलापुरी चादरीचे शौकीन अजून आहेत. महाराष्ट्रात क्वचितच असे घर असेल की जेथे एखादी जुनी सोलापुरी चादर ट्रंकेत घडी करून ठेवलेली नाही. पुढच्या थंडीच्या हंगामाच्या आधी आपण त्यांच्यापैकी दहा जणांना जरी विचारले की तुम्हांस कशी चादर पाहिजे, तरी कामास सुरुवात झाली असे आम्ही समजू. ज्या दुकानदार बंधूंनी अशी वही ठेवण्यास सुरुवात केली असेल त्यांनी आपला अनुभव या पानासाठी अवश्य लिहून पाठवावा.